खटकाकाकांचा स्वस्तातला पेनड्राइव्ह

खटकाकाकांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. नाटक मंडळीत त्यांना सगळे खटकाकाकाच म्हणत. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात विंगेत स्टुलावर बसायचं, एक डोळा नटाकडे आणि एक बोट खटक्यावर ठेवायचं, आणि दारावरची घंटी, पाऊस, आगगाडीची शिटी नेमक्या क्षणी वाजवायची, हे त्यांचं काम. म्हणून खटका. केस पांढरे झाले तसा पुढे 'काका' चिकटला. नव्या पोरांची जीभ वळेना. "आधी खटकाकाका असं न अडखळता म्हणून दाखवा, मग संवाद पाठ करा," असं डॉक्टरबाई त्यांना दटावायच्या. डॉक्टरबाई म्हणजे मंडळीच्या दिग्दर्शिका. दिवसभर लोकांचे दात काढायच्या, संध्याकाळी नटांचा घाम.

पोटापाण्यासाठी काका पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. बेअरिंगा, वॉशर, ऑइल सील यांनी भरलेल्या रॅकांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. माल घेताना ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. बेअरिंग कानाशी धरून फिरवायचे आणि "याच्या पोटात दुखतंय, परत न्या," म्हणून पुरवठादाराच्या हातात ठेवायचे. मालकाला ते एकच गोष्ट सांगत आले होते: पंप बंद पडतो तो महागड्या मोटरमुळे नाही, स्वस्तातल्या वॉशरमुळे.

पण हाच माणूस मंडळीचा पैसा हातात आला की वेगळाच व्हायचा. तो पैसा तिकिटं विकून, दारोदार फिरून जमवलेला असे. तो खर्च करताना काका पै-पै मोजायचे. तुटलेल्या वायरींना चिकटपट्टी, मोडक्या हेडफोनला रबरबँड. "दुसऱ्याच्या पैशाला तुम्ही दातांनी धरता," काकू म्हणायच्या, "मग डॉक्टरबाईंनाच एकदा दाखवा ते दात."

मंडळीचं सध्याचं नाटक होतं एका म्हाताऱ्या बापाचं आणि त्याच्या तीन मुलांचं. बाप आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. तो प्रेक्षकांना एकदाही दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मुलं बाहेरच्या खोलीत घराच्या वाटण्यांवरून भांडतात आणि मध्येच आतून बापाचा आवाज येतो आणि सगळ्यांची बोबडी वळते. तो आवाज दादांचा होता. दादा मंडळीतले सगळ्यांत जुने नट. गुडघे गेले, उभं राहवेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी खास त्यांच्यासाठी हे नाटक निवडलं. "दादा, पाय घरी ठेवा, आवाज तेवढा द्या," असं त्या म्हणाल्या होत्या. एका दुपारी बसून दादांनी सगळे संवाद रेकॉर्ड करून दिले. नाटक चाललं. आणि ते चालू असतानाच दादा गेले.

आवाज मात्र राहिला. दादांच्या मागे प्रयोग होत गेले, बाप आतल्या खोलीतून बोलत गेला. मंडळी दर प्रयोगाला गाडी पाठवून वहिनींना, म्हणजे दादांच्या पत्नीला, आणायची आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवायची. दिवे मंद झाले, दादांचा खर्जातला आवाज सभागृहात घुमला की नट विंगेतून त्यांच्याकडे बघायचे. वहिनी डोळे मिटून, हात मांडीवर जुळवून बसलेल्या असायच्या. सगळ्यांना भरून यायचं. माणूस गेलं तरी आपण वहिनींना दादा भेटवतो, असं सगळ्यांना वाटायचं. खटकाकाकांना तर जास्तच. शेवटी खटका त्यांच्या हातात होता.

एवढं सगळं काकांच्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये होतं. दादांचा आवाज, आणि त्यासोबत काकांनी उभ्या आयुष्यात जमवलेले बाकीचे आवाज: कुत्री, दारं, गर्दी, रडणारी तान्ही बाळं. लॅपटॉप पार खिळखिळा झाला होता. अशात सभागृहात नवी ध्वनियंत्रणा आली. तिला लॅपटॉप लागतच नसे, पेनड्राइव्ह खोचला की झालं. त्याच सुमाराला चौकातल्या दुकानाने 'जुनं द्या, नवं न्या' अशी पाटी लावली. काकू कपडे धुण्याच्या मशीनसाठी कधीपासून मागे लागल्या होत्या. काकांनी मनात सगळं जुळवलं. पेनड्राइव्ह घ्यायचा, आवाज त्यात भरायचे, लॅपटॉप देऊन मशीन आणायचं. एका दगडात दोन पक्षी.

पेनड्राइव्ह घ्यायला ते ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर दोन ठेवले. एक लहानसा, करड्या पत्र्याचा, दिसायला अगदीच साधा. दुसरा चकचकीत काळा, सोनेरी कड, वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: दोन टीबी.

"हा साधा बत्तीस जीबीचा. चांगल्या कंपनीचा आहे. पाच वर्षं गॅरंटी," दुकानदार म्हणाला.

"आणि हा सोन्याचा?"

"त्यात तुमचं अख्खं गाव मावेल म्हणतात. आणि साध्यापेक्षा स्वस्त."

काकांच्या भुवया वर गेल्या. "मोठा, आणि स्वस्त? हे कसं काय?"

दुकानदाराने मान खाजवली. "काका, लोक मागतात म्हणून ठेवतो. घेऊ नका असं म्हणत नाही. पण उद्या मला विचारायला येऊ नका."

कारखान्यात कुणी असं म्हणाला असता तर काकांनी त्याला फाटकाबाहेर काढला असता. पण इथे काकांमधला वकील जागा झाला.

"पाच वर्षं गॅरंटी म्हणतोस. आतलं काही गेलं तर आतलं परत देणार का?"

"छे हो. ते कुठून देणार? नवीन पेनड्राइव्ह देऊ."

"रिकामा?"

"रिकामाच."

"म्हणजे तुझी गॅरंटी रिकामेपणाची!" काका विजयाने म्हणाले. "डबा फुटला तर डबा देणार, आतल्या लोणच्याशी तुझा संबंध नाही. मग डब्याला जास्त पैसे कशाला मोजू?"

दुकानदाराने साधा ड्राइव्ह परत खणात ठेवला. तसं बघितलं तर काकांचा मुद्दा खोटा नव्हता. गॅरंटी डब्याचीच असते. फक्त त्यातून निघायला हवा होता तो निष्कर्ष काकांनी काढला नाही. डबा भरवशाचा नसेल तर लोणचं दोन डब्यांत ठेवावं, हे त्यांना त्या दिवशी सुचलं नाही. चकचकीत ड्राइव्ह खिशात टाकून ते शीळ घालत घरी आले.

घरी त्यांनी आधी पहिल्या अंकाचे आवाज भरले. मग जमवलेला सगळा खजिना. दुसऱ्या अंकात थोडी काटछाट करायची होती, म्हणून तो शेवटी. सगळी नावं पडद्यावर एकाखाली एक नीट दिसली. टीव्हीला लावून सुरुवातीचे चार-पाच आवाज वाजवून बघितले. दादा खणखणीत बोलले. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, ते दादा आहेत की काय? अंगावर काटा आला माझ्या!" काका समाधानाने हसले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुकानात गेला आणि मशीन घरात आलं.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. वहिनी नेहमीच्या खुर्चीवर. पहिला अंक लोण्यासारखा सरकला. बाप तीनदा बोलला, तिन्ही वेळा टाळ्या. मध्यंतरात काकांनी नव्या यंत्रणेवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला थोरला मुलगा आतल्या खोलीच्या दाराशी जातो आणि हळूच विचारतो, "बाबा, झोपलात का?" आतून बाप म्हणतो, "झोप कुठली रे मला. पाणी देता का कुणी?" या वाक्याला सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यायची.

थोरला दाराशी गेला. "बाबा, झोपलात का?"

काकांनी खटका दाबला.

आतल्या खोलीतून कुत्रं भुंकलं.

एकदा नाही. दोनदा, तीनदा, चांगलं दणदणीत, गल्लीतलं भटकं कुत्रं. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू वणव्यासारखं पुढे आलं. सगळं सभागृह हसायला लागलं.

काकांनी यंत्रणेच्या पडद्याकडे बघितलं. नाव बरोबर होतं: 'बाबा, पाणी'. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा कुत्रं. त्यांनी पुढचा आवाज लावला. पडद्यावर अक्षरं आली: वाचता येत नाही. त्याच्या पुढचा. वाचता येत नाही. मागे जाऊन पहिल्या अंकातला लावला, आता तोही नाही. नावं सगळी होती, ओळीने, सुवाच्य. पाटी प्रत्येक दारावर आणि दाराआड कुणीच नाही. काका नुसतं एकेक बटण दाबत राहिले, मेलेल्या माणसाची नाडी शोधत राहावं तसे.

रंगमंचावर थोरल्याने काहीतरी सावरायला हवं म्हणून म्हटलं, "कुत्रं आत कुठून शिरलं?" त्यावर तर शिट्ट्या वाजल्या. धाकटा पाठ फिरवून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, ते त्यालाच ठाऊक.

शेवटी मुलीचं काम करणारी नटी उठली. ती दार उघडून आत गेली. आत म्हणजे काय, एक बाजलं आणि एक बादली. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर आली, दाराला पाठ टेकवली आणि म्हणाली, "बाबा बोलत नाहीयेत."

सभागृह एकदम चिडीचूप झालं. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. हसणाऱ्यांचे चेहरे हसण्याच्याच आकारात थिजले. थोरला नट भिंतीवरून घसरत खाली बसला. तो अभिनय नव्हता. दादांच्या हाताखाली तो लहानाचा मोठा झाला होता. नाटकात बाप मरतो तो अगदी शेवटी. इथे तो अंकाच्या सुरुवातीलाच गेला होता आणि पुढे बोलायला कुणाकडे एक अक्षर नव्हतं. डॉक्टरबाईंनी पडदा पाडला.

टाळी वाजली नाही. लोक बराच वेळ बसून राहिले आणि मग कुजबुजत उठले. काहींना तोच शेवट वाटला.

विंगेत डॉक्टरबाई तरातरा आल्या. त्या काकांना फाडून खाणार, या तयारीने सगळे मागे सरले होते. पण काकांचा चेहरा बघून त्याच थबकल्या. "काका, काहीतरी बोला. दाढ काढल्यासारखे गप्प का?"

काकांनी पेनड्राइव्ह उपसून त्यांच्या हातात ठेवला. "यात दादा नाहीत," एवढंच म्हणाले. मग विंगेच्या पायऱ्या उतरून सभागृहात गेले, कारण तिथे एक खुर्ची अजून रिकामी झाली नव्हती.

वहिनी तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर. काका त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. "वहिनी, मला चपलेनं मारा. मी स्वस्तातला घेतला. दादांच्या जागी कुत्रं... भर सभेत..."

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "बरं झालं."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"खरंच सांगते. बरं झालं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले होते. परत आले तर संपलं होतं. नर्स म्हणाली, पाणी मागत होते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि तुम्ही लोक दर वेळी गाडी पाठवता. मला पुढच्या खुर्चीत बसवता. आणि ते आतून पाणी मागतात. दर प्रयोगाला मागतात. मी डोळे मिटून मनात म्हणते, आज तरी वीज जाऊ दे. आज तरी यंत्र बिघडू दे."

इतके प्रयोग झाले. इतक्या वेळा काकांनी विंगेतून बघितलं होतं ते मिटलेल्या डोळ्यांकडे, आणि स्वतःचा ऊर भरून घेतला होता. "अहो, मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलू? सगळे रडून माझे हात धरायचे. दादा आहेत असं वाटतं ना वहिनी, म्हणायचे. नाही कसं म्हणू?"

मागे कुणीतरी खुर्च्या उचलून ठेवत होतं. मग वहिनींनी सहज विचारलं, "पण तुमच्याकडे दुसरीकडे असेल ना तो? त्या लॅपटॉपात?"

"लॅपटॉप दिला, वहिनी. दुकानवाल्यानं पुसून पुढे विकलाही असेल."

"मग डॉक्टरबाईंकडे?"

"नाही."

इतका वेळ शांत बसलेली ती बाई खुर्चीचा हात धरून उभी राहिली. "म्हणजे कुठेच नाही? त्यांचा आवाज... कुठेच?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"मला ऐकायचा नव्हता हो," त्या म्हणाल्या. "पण नसायला नको होता."

काका घरी आले ते भूत लागल्यासारखे. काकूंनी ताट वाढलं, त्यांनी शिवलं नाही. कोपऱ्यात नवं मशीन घरघरत होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकून ते आधी चौकातल्या दुकानात गेले. लॅपटॉप खरंच गेला होता. तिथून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदाराने पेनड्राइव्ह संगणकाला लावला, कसलीशी तपासणी केली आणि लांब श्वास सोडला.

"काका, यात जागा आहे आठ जीबीची. दोन टीबी हे नुसतं वर लिहिलंय. आतूनही तो संगणकाला तसंच खोटं सांगतो. तुम्ही भरत जाता, तो घेत जातो. जागा संपली की नवं जुन्यावर टाकतो, नाहीतर फेकून देतो. आणि असला माल एकदा अडखळला की होतं तेही जातं. नावं मात्र सगळी ठेवतो."

असला प्रकार काकांना अनोळखी नव्हता. मागे एका पुरवठादाराने सीलबंद खोक्यांत वरच्या थरात बेअरिंगा आणि खाली दगड भरून पाठवले होते. काकांनी खोकं नुसतं उचलून ओळखलं होतं. तोच माणूस आज खेळण्यासारख्या एका डबीकडून फसला होता, कारण उचलून बघायला तिला वजनच नव्हतं.

"परत काढता येईल?"

"नव्हतंच जे, ते काढू कुठून? काका, मी म्हटलं होतं..."

"म्हणाला होतास," काका म्हणाले. "तुझी चूक नाही. मी वाद जिंकलो होतो."

वाट दाखवली ती काकूंनी, तीही रागाच्या भरात. संध्याकाळी काका डोकं धरून बसले होते तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या रेकॉर्डिंगपायी त्या दिवशी जेवायलासुद्धा आला नव्हतात. मी ताट झाकून दुपारभर वाट बघत बसले, आणि तुम्ही त्या रेकॉर्डिंगवाल्याच्या खोलीत दादांबरोबर हास्यविनोद करत होतात!"

काकांनी डोकं वर केलं. "रेकॉर्डिंगवाल्याच्या खोलीत."

"मग? मी काय विसरेन होय ते?"

रेकॉर्डिंगवाला एका चपलांच्या दुकानाच्या वर, जिन्यालगतच्या अंधाऱ्या खोलीत होता. आता तो दुकानांसाठी जाहिराती भरायचा. काका पोहोचले तेव्हा 'या, या, भव्य सवलत' असं स्वतःच्याच आवाजात ओरडून बघत होता. काकांचं बोलणं ऐकून त्याने फळीवरून चपलांची खोकी उतरवली. एकेका खोक्यात जुन्या हार्ड डिस्क, कापडात गुंडाळलेल्या.

"मी काही पुसत नाही," तो म्हणाला. "लोक घेऊन जातात आणि काही वर्षांनी रडत परत येतात. पण तुमचं कापून नीट केलेलं तुम्हीच नेलं होतं. माझ्याकडे असलं तर कच्चं असेल. सगळी दुपार, जशीच्या तशी."

तिसऱ्या खोक्यात ते सापडलं. काकांनी हेडफोन लावले आणि दादा थेट कानात म्हणाले, "अरे खटक्या, माइक इतका तोंडाशी आणलास, मला काय दाढी करायचीय?"

काका ताडकन उभे राहिले. हेडफोनची वायर ओढली गेली, टेबलावरचा चहा सांडला. ती दुपार ते विसरूनच गेले होते. इतकी वर्षं वेळेवर खटका दाबायच्या नादात दादा म्हणजे त्यांच्या लेखी तेवढीच वाक्यं उरली होती. आणि इथे दादा खोकत होते, संवाद चुकत होते, चुकल्यावर लेखकाला शिव्या घालत होते, खालच्या चपलांच्या दुकानात कुणाचं भांडण चाललंय ते ऐकायला रेकॉर्डिंग थांबवत होते.

त्यानंतर काका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले ते या वेळी स्वतःच्या पैशाने. करडा, साधा पेनड्राइव्ह त्यांनी मागून घेतला. मग म्हणाले, "आणखी एक दे. दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही एकदम एकाच दिवशी मरायला नकोत."

"गॅरंटी पाच वर्षं," दुकानदार सवयीने म्हणाला.

"डब्याची," काका म्हणाले. "माहीत आहे. लोणचं मी बघतो." रेकॉर्डिंगवाल्याकडून दोन्हींत ती दुपार भरून घेतल्यावर घरी त्यांनी दोन्ही ड्राइव्हवरची अख्खी दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत कानांनी ऐकून तपासली. नाव दिसतंय म्हणून आत माणूस आहे, यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

वहिनींकडे ते डॉक्टरबाईंना बरोबर घेऊन गेले. वहिनी पहिल्यांदा ऐकायलाच तयार होईनात. "पाणी मागतात ते नको," त्या म्हणाल्या.

"ते मी वेगळं काढून ठेवलंय, वहिनी. वाजणार नाही."

"मग थोडंसंच."

काकांनी लावलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दादा, हळू आवाजात, कुणाला तरी सांगत असलेले: "हा चहा घरून आलाय. बिनसाखरेचा. घरात सक्त पहारा आहे. तू असं कर, खाली जा, समोरच्या दुकानातून गोड बिस्किटांचा पुडा आण. दोन आण. आणि हिच्या कानावर जाता कामा नये, नाहीतर माझ्या नाटकाचा आजच शेवटचा प्रयोग!"

वहिनी ताठ झाल्या. त्यांचे डोळे विस्फारले. डॉक्टरबाईंना वाटलं झालं, आता रडतील. त्यांनी काकांना बंद करायची खूण केली.

"थांबा," वहिनी कडाडल्या. "दोन पुडे? अहो, डॉक्टरांनी साखरेला शिवू नका म्हणून बजावलं होतं! आणि सोबत म्हणून मी बिनसाखरेचा चहा प्यायले, उभं वर्ष! मला मुळीच आवडत नव्हता तो! आणि हा माणूस..." त्यांनी काकांकडे वळून बघितलं. "भावोजी, बिस्किटं आणायला कोण गेलं होतं?"

काकांनी मान खाली घातली.

"तुम्ही!" वहिनी म्हणाल्या, आणि मग जे हसू फुटलं ते त्यांना आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसत नव्हत्या. "पुढे लावा," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय लपवलंय बघू दे."

नाटकात आता बापाचं काम एक निवृत्त शिक्षक करतात. ते आतल्या खोलीत बाजल्यावर बसून स्वतःच्या तोंडाने बोलतात, म्हणून काकांना खटका दाबावा लागतो तो फक्त दारावरच्या घंटीसाठी. वहिनी एकदाच बघायला आल्या, तेही स्वतः रिक्षा करून, आणि मधल्या रांगेत बसल्या. मास्तर फार रडकं बोलतात, असं त्यांनी डॉक्टरबाईंना तोंडावर सांगितलं.

पेनड्राइव्ह मात्र वहिनींनी घरात ठेवून घेतला नाही. हौस आली तर येईन ऐकायला, म्हणाल्या, रोज डोळ्यांसमोर नको. एक काकांच्या कपाटात असतो, एक डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, दातांच्या साच्यांशेजारी. तिसरी प्रत रेकॉर्डिंगवाल्याच्या खोक्यात आहेच. अधूनमधून वहिनींचा फोन येतो. इकडचं तिकडचं काही बोलणं नाही.

"भावोजी, आहे ना?"

"आहे, वहिनी. परवाच सगळं ऐकलं."

"बरं," त्या म्हणतात आणि फोन ठेवतात.